डाव्या बाजूची हवा

पडद्यावर आधी नुसता काळा बोगदा दिसत होता. मग तारेच्या टोकावरचा हरभऱ्याएवढा कॅमेरा आणखी दोन बोटं आत सरकला, वळणावर जरासा अडला, आणि चारुलताला तांदळाचा दाणा दिसला. गुलाबी दाणा. हवेचा दाब मोजायला गाडीत हवा नेणाऱ्या या बोगद्याच्या भिंतीला दीड मिलिमीटरचं एक भोक पाडलेलं होतं, त्यात तो टोकावर उभा होता, कुणी मुद्दाम बूच मारावं तसा. दाणा कुणाचा, हे तिला कुणाला विचारायला नको होतं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. गाडीच्या मागच्या अंगाला मेकॅनिक प्रबुद्ध पाने पुसून ट्रेमध्ये लावत होता. लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज ठरावीक अंतराने येत होता. तिने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. तारेला पुढे बारीक आकडा होता, आणि ज्या कामाला एरवी दहा वेळा प्रयत्न करावे लागतात ते नेमकं पहिल्याच खेपेला झालं. दाणा अलगद निघाला, तारेबरोबर बाहेर आला, टिश्यूत गेला, टिश्यू खिशात. "काही दिसलं का, मॅडम?" प्रबुद्धने मागून विचारलं. "अजून नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

बहारीनमध्ये, झल्लाकच्या अलीकडे, वाळवंटातल्या त्या ट्रॅकवर भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये ही गाडी तीन आठवडे उभी होती. अंगावर डोळ्यांना भोवळ आणणारी काळी-पांढरी वेलबुट्टी चिकटवलेली, म्हणजे कुणी चोरून फोटो काढलाच तर अंगाची वळणं कळू नयेत. नाव नाही, चिन्ह नाही. सगळे तिला 'तीन नंबर' म्हणायचे. जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यात, द्राक्षांच्या मळ्यांमागच्या एका शेडमध्ये अकरा माणसं सात वर्षं तिच्यामागे होती. जन्माला येणार एकंदर बावीस, आणि मग साचे मोडून टाकायचे. एक नंबर भिंतीवर आपटून संपवली, ती तशी संपवायलाच होती. दोन नंबर उत्तरेकडच्या बर्फात दोन महिने गोठवली. आणि तीन नंबर इथे, उन्हात तापवायला आणली. गाडीचा बाप म्हणावा असा फोग्ट नावाचा म्हातारा तिच्याबरोबर आला होता. हवेच्या या बोगद्याचं वळण त्याने म्हणे आधी मातीत, अंगठ्याने काढलं होतं. चारुलताचं काम आकड्यांचं. गाडीच्या अंगाला एकशे चाळीस ठिकाणी नळ्या आणि तारा लावल्या होत्या, त्यांतून येणारं सगळं तिच्या पडद्यावर उतरायचं: कुठे किती तापलं, कुठे हवा कमी पडली, कुठलं तेल कधी पातळ झालं. चौदा महिन्यांच्या आर्याच्या कपाळाला हात लावून ती जसा ताप ओळखायची, तसं आता तिला आकडा यायच्या आधीच गाडीचं कळायला लागलं होतं. हे तिने एकदा घरी निहारला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मला आता दोन पोरी." हसली होती ती. पण बरंही वाटलं होतं.

आणि गुरुवारी दसरा होता. घरी काहीच झालं नव्हतं. पहाटे आर्या फणफणलेली, निहारच्या बँकेत ऑडिट, शेवटी औषध पाजून तिला शेजारच्या रशीदाआपाच्या कडेवर देऊन चारुलता निघाली. दाराशी आर्या रडली नाही. रशीदाआपाकडून शिकलेला एकुलता एक शब्द, "यल्ला", म्हणजे चला, तो तिने हात हलवत म्हटला, आणि लिफ्ट खाली जाईपर्यंत चारुलताच्या छातीत दूध दाटून आलं. देव्हाऱ्यातल्या वाटीत कुंकवाने भिजवलेल्या अक्षता होत्या. त्यातल्या चिमूटभर तिने टिश्यूत बांधून घेतल्या होत्या, कशासाठी ते तेव्हा धड ठरवलंही नव्हतं. दुपारी शेड रिकामी झाली. जर्मन मंडळी जेवायला गेलेली. प्रबुद्ध अर्धा दिवस सुट्टी घेऊन मनामाला गेलेला. धम्मचक्र प्रवर्तन दिन त्याच तिथीचा, त्यांची मंडळी हॉल घेऊन वंदना घेतात. सकाळीच तो पांढरा शर्ट हँगरला लावून घेऊन आला होता. जाण्याआधी त्याने गाडी झाकली, हवेच्या दोन्ही तोंडांना लाल कापडी टोप्या घातल्या आणि तक्त्यावर वेळ घालून सही केली: अकरा चाळीस. मग शेडमध्ये ती आणि गाडी दोघीच. एसीची घरघर. झाकणाखाली गाडी अशी दिसत होती, की पांघरूण घेऊन कुणी कुशीवर झोपलंय. तोंड झाकलेल्याला कसं ओवाळायचं? तिने पांघरूण मागे सारलं, टोप्या काढल्या. कुंकू लावलं नाही, डाग पडला असता. तेवढी अक्कल शाबूत होती. डोळे मिटले आणि अक्षता टाकल्या. मग खाली पडलेले दाणे टिश्यूने टिपून घेतले, टोप्या परत घातल्या, पांघरूण ओढलं. सगळं मिळून चार मिनिटं. त्या चार मिनिटांनंतर दिवसभर तिला मोकळं वाटलं होतं, आर्याचा ताप उतरल्याचा रशीदाआपाचा मेसेजही तेव्हाच आला होता. तो मेसेज आला नसता तर कदाचित तिला शुक्रवारीच शंका आली असती.

शंका आलीच नव्हती असंही नाही. गुरुवारी संध्याकाळच्या फेरीतच डावीकडची हवा चाळीस टक्के कमी दिसायला लागली. उजवी ठीक. शुक्रवारी सेन्सर बदलला, तेच. शनिवारी नळी बदलली, तेच. शुक्रवारी आंघोळ करताना, डोक्यावर पाणी घेता घेता, तिला लाल टोपी आठवली होती. नुसती टोपी, तिच्या हातातली. तिने नळ मोठा केला होता. मनाला दार असतं आणि ते आपण आतून लावून घेतो, लावल्याचा आवाजही होऊ देत नाही. रविवारी सकाळी कुणी न सांगता ती कॅमेरा घेऊन डावीकडेच वाकली, ते काय उगाच?

तिने पंखा लावून हवा सोडली. डावं आणि उजवं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी येऊन उभे राहिले, शाळेत प्रार्थनेला उभी राहतात तसे. संपलं. गाडीला काही झालेलं नव्हतं, म्हाताऱ्याचं वळण बरोबर होतं. आता फक्त कारण लिहायचं होतं, कारण लेखी असल्याशिवाय तीन नंबर ट्रॅकवर जाणार नाही हा फोग्टचा नियम, आणि कारण लिहायचं काम तिचं.

नुमान काचेच्या केबिनमधून बाहेर आला. इथल्या माणसांचा पुरवठा, गाड्या, परवाने, सगळं त्याच्या कंपनीकडे. चारुलता आणि प्रबुद्ध दोघंही त्याच्याच पगारावर. लाहोरचा माणूस, वीस वर्षं बहारीनमध्ये मुरलेला, बोलणं गोड. "चारू मॅडम, आकडा ठीक हो गया? माशाल्ला! बस, एक बजे तक रिपोर्ट दे दीजिए. जर्मन लोगों को एक वजह चाहिए और एक नाम चाहिए. दोनों मिल गये, बात खलास."

"नाम किसलिए, नुमान भाई?"

"अरे, नाम नहीं होगा तो पूरी टीम का नाम होगा." तो हसला. "आप क्यूँ टेन्शन लेती हैं? आपका तो आकडों का काम है."

तिने लॅपटॉप उघडला. खिशातल्या टिश्यूचं वजन काय असणार, पण मांडीला तो जाणवत होता. लिहायचं काय? खोटं लिहायचं नाही एवढं तिने ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर हुशारी मदतीला धावून आली. 'डाव्या मार्गातील दाबमापन छिद्रात बाहेरचा कण आढळला. कण काढला. मोजमाप पूर्ववत.' एकही शब्द खोटा नाही. आढळला: कुणाला? बाहेरचा: कुठून? या प्रश्नांना त्या वाक्यात बसायला जागाच नव्हती. इंग्रजीत तर ते आणखीनच स्वच्छ दिसलं, इस्त्री केल्यासारखं. तिने पाठवून दिलं. बारा वाजून दहा मिनिटं. मग ती शौचालयात जाऊन बेसिनला दोन्ही हात टेकून उभी राहिली. छाती भरून दुखत होती, आर्याच्या दुपारच्या पिण्याची वेळ झाली होती, अंगाला घड्याळ बरोबर कळतं.

भोसरीतला बाबांचा कारखाना तिला आठवायला लागला, तेही आजच. सहा लेथ, दोन ड्रिल, एक मिलिंग. खंडेनवमीला मशिनं बंद ठेवायची आणि सहा-सात वर्षांच्या चारूने एकेका मशिनला हळदीकुंकवाचं बोट लावत जायचं. बाबा मागून सांगत, "बेडवर नको, बेडवर नको, गंज धरतो. वर लाव, पाटीवर." देवापेक्षा त्यांना लेथच्या त्या गुळगुळीत बेडची काळजी जास्त. आदल्या संध्याकाळी सगळी मशिनं घासून पुसून लख्ख करायचे रामजीकाका, सगळ्यांत जुने कामगार, आणि पूजेच्या दिवशी दाराबाहेर स्कूटरला टेकून उभे राहायचे. "काका, आत या ना, टिळा लावते." "नको ताई, आमचं वेगळं असतं." एवढंच. मग बाबा पेढ्याचा बॉक्स बाहेर नेऊन द्यायचे आणि सगळं छान वाटायचं. काका बाहेर का, हे तिने कधी विचारलं नाही. पूजा झाल्यावर कुठल्या मशिनच्या फटीत फूल अडकून राहिलं, अक्षता कुठे गेल्या, ते दुसऱ्या दिवशी कोण काढायचं, हेही तिला आज पहिल्यांदाच दिसत होतं. ब्रश घेऊन, वाकून, एकेक दाणा. तेच काढत असणार. दुसरं कोण?

ती परत आली तेव्हा शेडमधला आवाज बदलला होता. पाने वाजत नव्हते. प्रबुद्ध आपल्या कपाटापुढे उभा राहून वस्तू एका पिशवीत भरत होता: पाण्याची बाटली, टॉवेल, बॅटरी. घाई नव्हती. घाई नसण्यातच काहीतरी होतं.

"काय झालं, प्रबुद्ध?"

"काही नाही, मॅडम. नुमान साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. बाहेरचा कण सापडला म्हणे. टोप्या घालायचं काम माझं, सही माझी. म्हणजे टोपी नीट नव्हती." तो नागपूरचा, तिच्याशी बोलताना शब्द निवडून बोलायचा, पण आज निवड सुटत चालली होती. "मी म्हटलं, साहेब, मी दोन्ही टोप्या घालून, हात फिरवून पाहून गेलो. ते म्हणून राहिले, तुमच्या डब्यातला भात उडाला असंल."

"भात?"

"तुम्ही कण लिहिलं ना. फोग्ट साहेबांनी विचारलं, कसला कण. नुमान साहेब म्हणे, इथं धूळ नाहीतर खाणं, दुसरं काय असणार. धूळ तर नळी बंद करत नाही." त्याने टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "येत्या महिन्यात बायकोला, मैत्रीला आणायचं होतं. बुसैतीनला एक खोली बघून ठेवली. तिच्या व्हिसाचे कागद नुमान साहेबापाशीच पडून आहेत, सहीसाठी. आता माझाच व्हिसा कॅन्सल म्हटल्यावर..."

चारुलता म्हणाली, "मी बोलते नुमान भाईंशी. आपण काहीतरी करू. वरून, निहारच्या ओळखीत कुठे—" स्वतःचाच आवाज तिला पेढ्याच्या बॉक्ससारखा ऐकू आला, दाराबाहेर नेऊन दिलेल्या.

प्रबुद्धने तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने असं सरळ पाहिलं असेल. "मॅडम, तो कण तुम्ही पाह्यला ना? कसा होता?"

तिचा हात खिशातल्या टिश्यूवर गेला.

"शनिवारी मी गाडीखाली झोपून झाडलं," तो म्हणाला, "तेव्हा पुढच्या चाकाच्या मागं मलाही एक सापडला. गुलाबी. कच्चा. माझ्या डब्यात कच्चा तांदूळ नसतो, मॅडम."

म्हणजे त्याला माहीत होतं. कालपासून. काल दुपारी त्याने तिला चहा आणून दिला होता, साखर कमी, तिला लागतो तसा, आणि तेव्हाही त्याला माहीत होतं. "मग तू बोलला का नाहीस?" ती जवळजवळ ओरडलीच.

"मी? मी सांगू, का मॅडमनं पूजा केली?" तो हसला, पण ते हसू तिच्यासाठी नव्हतं. "मग म्हणतील, हा पूजेच्या विरोधातला, मुद्दाम नाव घेऊन राहिला. नुमान साहेबाला काय घेणं? तुम्ही इंजिनीअर. मी म्हटलं, मॅडम सांगतील. रिपोर्ट लिहितील तेव्हा सांगतील. बारा दहापर्यंत मी तेच म्हणून राहिलो होतो."

तिला वाटलं, आता तो काही वाईट बोलेल, बोलला तर बरं होईल. त्याने पिशवीची चेन लावली. ती म्हणाली, "पाच मिनिटं थांब. जाऊ नकोस." "मी कुठं चाललो? गाडी साडेतीनला येते न्यायला," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

काचेच्या केबिनपर्यंत एकवीस पावलं होती. त्या एकवीस पावलांत तिने सात-आठ वाक्यं तयार केली आणि मोडली. एका वाक्यात परंपरा होती, एकात आईपण होतं, आजारी पोर होतं. ते सगळं खरं होतं आणि सगळं बूच मारायच्या कामाचं होतं. माहूजमधलं घर डोळ्यांपुढे आलं, गॅलरीत वाळत घातलेले आर्याचे मोजे, निहार म्हणेल, 'तुला कुणी विचारलं होतं का?' दार लोटलं तेव्हा तिच्याजवळ एकही वाक्य नव्हतं. फोग्ट टेबलाशी सफरचंद कापत होता. नुमान उभा होता, फोनवर. तिने टिश्यू टेबलावर ठेवून उलगडला.

"हा कण माझा आहे," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी टोप्या मी काढल्या. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात. हे तांदूळ वाहतात. प्रबुद्धने टोप्या बरोबर घातल्या होत्या. तो इथे नव्हताच. आणि सकाळी दाणा सापडल्यावर मी तो खिशात टाकला."

नुमानने फोन कानापासून हळूच खाली घेतला. "मॅडम," तो पुटपुटला, "ये क्या कर रही हैं आप..." फोग्टने सुरी पुसून मिटली. चष्मा चढवून दाण्याकडे बराच वेळ पाहिलं. ती ओरडण्याची वाट बघत होती. पूजा म्हणजे काय, असं विचारेल, मग सांगता येईल, याचीही वाट बघत होती.

"किती?" त्याने विचारलं.

"किती काय?"

"दाणे."

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

एकशे चाळीस ठिकाणचे आकडे दशांशापर्यंत तोंडपाठ असलेल्या बाईला एवढं एक माहीत नव्हतं. तिने अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. म्हाताऱ्याने त्या बोटांकडे पाहिलं, जणू तेही एक माप आहे आणि ते आजवर आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. "तीस असतील, पन्नास असतील," तो म्हणाला. "एक सापडला."

"दोन," दारातून आवाज आला. प्रबुद्ध उठून आला होता. इंग्रजीत, नेमकं, तो म्हणाला, "दुसरा माझ्याकडे आहे."

फोग्टने मान डोलावली. मग तो नुमानकडे वळला आणि त्याच सपाट आवाजात म्हणाला, की प्रबुद्धला काढल्याचा मेल मागे घ्या. गाडी उघडायची आहे, डाव्या-उजव्या दोन्ही मार्गांपासून रेडिएटरपर्यंत, आणि इथे ती ज्याने जोडली तो प्रबुद्धच ती उघडेल. बाईंचं काय करायचं ते आपण उद्या बोलू. आज त्या इथे लागतील, कारण हात त्यांचा होता, आणि बाकीचे दाणे कुठे गेले ते त्या हातावरूनच कळेल. एवढं बोलून तो सफरचंद तिथेच टाकून गाडीकडे गेला.

पांघरूण काढलं. टोप्या काढल्या. शेडचे सगळे दिवे लावले, आणि त्या उजेडात ती काळी-पांढरी वेलबुट्टी अंगावर धावून आल्यासारखी वाटली. दोन जर्मन मेकॅनिक आले, गाडी चालवणारा ड्रायव्हरही येऊन उभा राहिला. प्रबुद्धने जमिनीवर पांढरी चादर पसरली, गुडघ्यांवर बसून कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, खिशातून पेन्सिल काढली. "मॅडम, कुठं उभ्या होत्या?" ती जाऊन उभी राहिली. "इथं का जरा मागं?" ती बोटभर मागे सरली. त्याने तिच्या चपलांच्या टोकाशी रेघ ओढली. "हात दाखवा. किती वर होता?"

तिने उजवा हात उचलला. अंगठा आणि दोन बोटं आपोआप जुळली, रिकामी. एवढ्या माणसांपुढे ती बोटं तिला उघडी पडल्यासारखी वाटली, अंगावरचं वस्त्र सरकावं तशी. ड्रायव्हरने नजर दुसरीकडे वळवली. फोग्टने वहीत काही लिहिलं. "टाका," प्रबुद्ध म्हणाला. तिने टाकलं. "असं नाही. हे तुम्ही आमच्यासाठी टाकून राहिल्या. तेव्हा टाकलं तसं."

तिने पुन्हा टाकलं. "मनगट असंच वळलं होतं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती, नळी कुठून कुठे जाते हे विचारताना असायचा तोच आवाज होता, आणि तिला तो धरून उभं राहता येत होतं. "एकदा अजून," तो म्हणाला. मग थांबला. पेन्सिल कानावर ठेवून त्याने मान वर केली.

"डोळे उघडे होते, का मिटलेले?"

"मिटलेले."

"मग मिटा."

तिने डोळे मिटले. अंधारात मोजपट्टीची पोलादी फीत सरसर उलगडत तिच्या मनगटाजवळ येऊन थांबली. स्पर्श झाला नाही, फक्त तिचा गारवा लागला. "हलू नका," प्रबुद्ध म्हणाला, आणि खाली वाकून त्याने मोजायला सुरुवात केली.